व्याह्यांनी भरून पाठवलेली टाकी

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी फार म्हणजे फारच रीतीभातीचे होते. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं, तर वाटी रिकामी परत जायची नाही. तिच्यात चिमूटभर साखर तरी पडायचीच. रिकामं भांडं परत देणं म्हणजे अपशकुन. हसताय काय? तुमच्या आईला विचारा, तीही असंच करते.

या जंगलात दगडोबा नावाचं एक अस्वल होतं. जांभळीच्या झाडाखाली त्याचं पंक्चरचं दुकान होतं. सारा जन्म त्यानं हातपंपानं हवा मारली आणि छातीचा भाता करून घेतला. शेवटी एकदा बाजारात जाऊन त्यानं हवेचा कॉम्प्रेसर आणला. दोन चाकांचा, कुठंही ओढून नेता येणारा.

विकणाऱ्या कोल्ह्यानं कधी नव्हे ते खरं सांगितलं. काम झालं की मशीन बंद करायचं. हलवायच्या आधी टाकीतली हवा सोडायची. टाकीच्या पोटाखाली नळ आहे, त्यातून साचलेलं पाणी काढायचं, नाहीतर आतून गंज चढतो. न्यायचं ते उभं, आडवं नाही. ठेवायचं कोरड्या सावलीत. आणि वरची शिट्टी म्हणजे कुकरची शिट्टीच समजा. जास्तीची हवा ती बाहेर टाकते, तिच्याशी खेळायचं नाही.

दगडोबाला सगळं पाठ झालं. त्याच्या लेकीला, मोहनाला, त्याच्याहून जास्त पाठ झालं.

पण दगडोबा पडला भिडस्त. नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. रानडुक्कर कॉम्प्रेसर मागून न्यायचं, तरस मागून न्यायचं. आणि परत आणताना जो तो टाकी गच्च भरून आणायचा. रिकामी कशी द्यायची? बरं दिसतं का ते? दगडोबा म्हणायचा, कशाला तसदी घेतलीत. मग पाहुण्याची पाठ वळली की घाईघाईनं हवा सोडायचा. असं बरेच दिवस निभावलं.

पुढं मोहनाला स्थळ आलं. नदीपलीकडचे रंगराव अस्वल आणि त्यांच्या हौसाबाई, यांचा मुलगा. घराणं तालेवार. मुलगा मोहनालाही मनापासून आवडला होता. हे स्थळ हातचं गेलं तर पोरीचं काय, या काळजीनं दगडोबाला मधसुद्धा गोड लागेना.

सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी रंगरावांचा निरोप आला. गाडीच्या टायरांत हवा नाही, तेवढा तुमचा कॉम्प्रेसर पाठवा, उद्या येताना घेऊन येतो. मोहना म्हणाली, बाबा, सोबत नियमही सांगून पाठवा. दगडोबा म्हणाला, अगं, व्याह्यांना का कुणी शिकवतं?

दुसऱ्या दिवशी भर उन्हात गाडी आली. गाडीत पाहुणे दाटीवाटीनं बसले होते आणि त्यांच्या मधोमध कॉम्प्रेसर आडवा निजला होता. वर झेंडूचा हार. दाबाचा काटा लाल खुणेच्या पार पलीकडं टेकलेला. आणि शिट्टी सुतळीनं करकचून बांधलेली.

"आमच्या दारातून भांडं रिकामं परत जात नसतं," रंगराव मिशीला पीळ देत म्हणाले. मशीन आपोआप बंद पडत होतं, तरी त्यांनी बटण दाबून धरून हवा कोंबली होती. वाटेत ते फुसफुसायला लागलं. शुभकार्याला जाताना ते बरं दिसेना, म्हणून शिट्टी बांधली.

मांडवात साऱ्या जंगलाची पोरंटोरं खेळत होती. टाकी फुटली तर कुणी धड उरणार नाही, हे दगडोबाला कळत होतं. व्याह्यांनी भरून आणलेलं त्यांच्यादेखत रिकामं केलं तर सोयरीक मोडणार, हेही कळत होतं. त्यानं सगळा धीर गोळा केला आणि तोंड उघडलं.

"कशाला तसदी घेतलीत," तो म्हणाला.

मोहनानं बापाकडं एकदा बघितलं आणि पदर खोचला. पोरांना तिनं मांडवाबाहेर पिटाळलं. पाहुण्यांना म्हणाली, "खाली उतरा आणि लांब व्हा."

सगळे उतरले. हौसाबाई तेवढ्या उतरल्या नाहीत. मानपान झाल्याशिवाय व्याहीण गाडीतून उतरत नसते.

मोहनानं बाजूला उभं राहून नळ हळूहळू फिरवला. हवा अशी किंचाळत सुटली, की झाडावरची माकडं खाली पडली. हवेबरोबर सुटलं गंजाचं तांबडं पाणी, आणि ते गेलं थेट हौसाबाईंच्या कोऱ्या शालूवर. काटा शून्यावर आला. सगळ्यांचे जीव वाचले, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे शालूकडं बघत होते.

"आम्ही दिलेली हवा जी ठेवत नाही, ती आमचं घर काय राखणार?" रंगराव म्हणाले. गाडी आली तशी परत गेली. दगडोबा कपाळाला हात लावून बसला. मोहना रडली. नळ फिरवल्याचं तिला वाईट वाटलं नाही. मुलगा जाताना वळून वळून बघत होता, पण पुन्हा खाली उतरला नाही, त्याचं वाटलं.

रंगरावांनी मग ईर्षेनं स्वतःचा कॉम्प्रेसर घेतला, दगडोबाच्याहून मोठा. अंगणात, उन्हात, हार घालून, शिट्टी बांधून, कायम भरलेला. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. पहिल्याच उन्हाळ्यात तो फुटला. घराचं छप्पर नदी ओलांडून अलीकडं येऊन पडलं. रंगरावांच्या मिशा गेल्या, ऐकू येणं गेलं. जीव तेवढा राहिला.

सारं जंगल हळहळलं. शाल-श्रीफळ देऊन रंगरावांचा सत्कार झाला. सिंहमहाराज भाषणात म्हणाले, "घराणं असावं तर असं. छप्पर गेलं, पण टाकी रिकामी ठेवली नाही." रंगरावांना यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी नम्रपणे मान डोलावली.

दगडोबा मागच्या रांगेतून उठून घरी आला. मोहना दुकानात हवा मारत होती. त्यानं मशीन बंद केलं, हवा सोडली, पाणी काढलं, उभं करून सावलीत ठेवलं. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचं लग्न अजून जमलेलं नाही. त्या घरचं वळण बरं नाही असं सगळे म्हणतात. पाहुण्याला धड मरूसुद्धा देत नाहीत.

तात्पर्य: भांडं परत देताना नेहमी भरून द्यावं. जीव काय, आज ना उद्या जायचाच. नाव मागं राहतं, आणि शोधलं तर छप्परही सापडतं.