बिनविम्याचं बोट

"डॉक्टर, तुमची पॉलिसी काल संपली," विमा एजंट लालासाहेब म्हणाले आणि उजव्या हाताचं सुजलेलं बोट वर धरून बाकावर बसले.

रहिमतपूरच्या डॉक्टर आगाशांच्या हातातली सिरिंज तशीच राहिली. उपचारात चूक झाली आणि रोग्यानं कोर्टात दावा लावला, तर भरपाई कंपनीनं द्यायची, अशी ती पॉलिसी होती. दरवर्षी मुदतीआधी त्यांची पत्नी आठवण करायची. ती माघात गेली. आता आठवण करणारं घरात कोणी नाही, हे डॉक्टरांना या क्षणी कळलं.

"मग आत्ताच नवी करा."

"त्यासाठीच साताऱ्याहून आलोय. पण मुदत उलटली की एजंटानं स्वतःच्या हातानं अर्ज भरायचा असतो. आणि मला झालंय नखुरडं. पेन धरवत नाही. आधी तेवढं कापून द्या."

"विमा नसताना मी सुरी धरत नाही."

"आणि सुरी लागल्याशिवाय मला पेन धरता येत नाही."

डॉक्टरांनी बोट पाहिलं. आत पू झाला होता. "आज कापलं नाही तर हाडापर्यंत जाईल. मिरजेच्या मोठ्या इस्पितळात जा."

"रात्रभर ठणकतंय. आणखी तिथवर कसा जाऊ?"

बाकावरचे निवृत्त हवालदार हंबीरराव मघापासून ऐकत होते. "डॉक्टर, मगाशी मला टोचलं, ते बिनविम्याचंच व्हय?"

"हो."

हंबीररावांनी दंड चाचपला. "तरीच जरा जड लागतंय."

कोपऱ्यात माणदेशातून मेंढरं घेऊन आलेली बयाबाई खोकल्याच्या औषधासाठी बसली होती. तिला हे सगळं नवीन होतं. "आवं डाक्टर, चुकायच्या आदीच चुकीचा इमा? ठरवून चुकता का काय?"

"नाही हो. चुकलंच तर असावा म्हणून."

"मग चुकू नये म्हनून काय करता?"

"शिकलोय ना."

"आन् तरीबी चुकतं?"

"कधी कधी."

बयाबाईला हे उत्तर पटलं. एवढं खरं बोलणारा डॉक्टर तिनं पाहिला नव्हता. तिनं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. "आमच्यात शब्द द्यायचा तर बेल-भंडारा उचलत्यात. ह्या पावन्यानं उचलावा. बोट ऱ्हावू दे न्हाईतर जाऊ दे, डाक्टरवर तक्रार करनार न्हाई म्हनावं. मग कापा."

लालासाहेब दचकले. "मीच तक्रार सोडून दिली, तर लोकांना विमा कुठल्या तोंडानं विकू?"

"बोट ऱ्हायलं तर इकाल," हंबीरराव म्हणाले.

डॉक्टरांनी जरा विचार केला. "मला चालेल," ते म्हणाले.

हंबीररावांनी समोरच्या बेलाच्या झाडाचं पान आणलं. लालासाहेबांनी डावा हात पुढे केला.

"डाव्यानं न्हाई चालत," बयाबाई म्हणाली.

लालासाहेबांनी दात आवळून उजव्या हातानं पिशवीतली हळदीची चिमूट आणि पान उचललं. देवाला स्मरून शब्द दिला. डॉक्टरांनी बोट बधिर करून कापलं, पू काढला, पट्टी बांधली. ठणका उतरला तसे लालासाहेब माणसात आले. पट्टीचं बोट बाजूला ठेवून त्यांनी पेन धरलं आणि अर्ज भरायला घेतला. मधेच ते थांबले.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"इथे विचारलंय, मुदत संपल्यापासून आजपर्यंत एखादी शस्त्रक्रिया केली काय?"

"मग?"

"नाही लिहिलं तर खोटं. होय लिहिलं तर बिनविम्याचं कापलं म्हणून कंपनी तुमच्यावर नजर ठेवणार. म्हणजे मीच तुमची तक्रार केल्यासारखं. आणि भंडारा तर आत्ताच उचललाय."

हंबीरराव म्हणाले, "खोटं लिवलं तर कंपनी धरंल. खरं लिवलं तर देव धरंल. आता कुठं पळाल?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दुपारच्या टपालाला अर्ज गेला नाही, तर उद्याचे रोगीही बिनविम्याचेच तपासावे लागणार होते. सगळे बयाबाईकडे बघू लागले.

"पावनं, तुमास्नी तक्रार हाय का?" तिनं विचारलं.

लालासाहेबांनी बोट हलवून पाहिलं. "नाही."

"मग देव कशाला धरंल? हाय तसं लिवा."

लालासाहेबांनी खाली मान घालून सावकाश लिहिलं: 'होय, एक. रोगी बरा आहे. तोच हा अर्ज भरत आहे.'