टाकीतल्या चार पट्ट्या

आमच्या साबणाच्या कारखान्यातले नारूमेस्त्री टाकीत उतरण्याआधी चपला बाहेर काढून ठेवत. देवळापाशी कधी विसरले असतील, टाकीपाशी नाही. मी तिथला कारकून. सोमवारी टाकीची सफाई असे, तेव्हा मला त्यांचं टक्कल तेवढं दिसे आणि आतून ठोकण्याचा आवाज येई.

मेस्त्री मूळचे रेवदंड्याचे, होड्या बांधणारे. लोखंडाशी त्यांची सोयरीक उतारवयात जुळली, म्हणून जरा जास्तच प्रेमाची. टाकीच्या मधोमध दांडा, दांड्याला फिरणारी पाती आणि आतल्या भिंतीला, गरगरणारं पाणी अडवायला, उभ्या चार पट्ट्या. बघणारे पात्यांचं कौतुक करत. मेस्त्र्यांचा जीव पट्ट्यांवर. "फिरनारे लय मिलतात. अडवनारा पायजे!" धन्यांची कचेरी असो की लग्नाची पंगत, हे वाक्य यायचंच.

एकदा धन्यांनी त्या पट्ट्याच काढायला सांगितल्या. त्यांच्यामागे साबण चिकटतो, सफाईला वेळ लागतो म्हणून.

"काढतो," मेस्त्री म्हणाले. "पन बिगर पट्टीचा साबन जमला, तर मी रेवदंड्याला चाललो. परत येनार न्हाय."

मी घाबरलो. धनीही हट्टाला पेटले. इंजिन सुरू झालं, पाती फिरली आणि तेल अन् कॉस्टिकचं पाणी फुगडी घातल्यासारखं गरगरत राहिलं. दुपारी इंजिन थांबवलं, तर तेल वर, पाणी खाली. धनी कचेरीत गेले. मेस्त्र्यांनी चपला काढल्या.

पट्ट्या पुन्हा बसल्या, तशी स्वारी खुशीत मला घरी घेऊन गेली. दाराला होडीचा निळा रंग, ओटीवर तीन कोंबडे, खाटेखाली सुके बोंबील.

"मेस्त्री, हे काय?"

"कोन न्हाय म्हनतंय?" ते मोठ्याने हसले. मग हळूच म्हणाले, "ती व्हती तवा दाराला हात लावू देत नव्हती. दोन वर्सं झाली तिला जाऊन. आता मनात येल तां करतो. मजा न्हाय येत."

मला फार वाईट वाटलं. तसाच त्यांना घरी जेवायला घेऊन आलो. पानावर बसतात न बसतात तोच आमची ही कडाडली, "मेस्त्री, हात बघा! इंजिनाचं काळं तेल! उठा आधी, धुऊन या!"

मी जीभ चावली. मेस्त्री मात्र हरखून उठले, दोनदा हात धुऊन आले आणि खाली मान घालून चार भाकऱ्या जेवले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला ते न बोलावता हजर. हात कोपरापर्यंत काळे.