शामराव चाबीवाले आणि घरचा सामना

आमच्या पांढुर्ण्यात चपला तीन ठिकाणी बाहेर काढाव्या लागतात. देवळात, विहारात आणि हॉकीच्या मैदानात. पहिल्या दोन ठिकाणी कुणी चुकून चपलेसकट आत शिरला तर लोक हळू आवाजात सांगतात. तिसऱ्या ठिकाणी शामराव सांगतात आणि ते स्टेशनापर्यंत ऐकू जातं.

"ओ भाऊ! मायनं सारवलेल्या आंगनात असेच बुटं घालून जाता का?"

शामराव रेल्वेत चाबीवाले होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या रोज पायी जाऊन तपासायच्या, एखादी सैल दिसली की हातोडीनं ठोकायची, असं ते काम. नागपूर-इटारसी लाइनीचा आपला तुकडा त्यांनी उभी नोकरी पायी तुडवला. रिटायर झाले तेव्हा हातोडी साहेबांकडे जमा केली, पण खाली बघत चालायची सवय कुणी जमा करून घेतली नाही. ती घरी आली. "जयभीम गुरुजी" असं ते मला रस्त्यात म्हणतात तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. अंगठ्याशी शिवून आणलेली माझी चप्पल ओळखून म्हणतात.

मी इथल्या शाळेत खेळाचा मास्तर आणि गावच्या हॉकी क्लबचा सचिव. सचिव म्हणजे चेंडू हरवला की ज्याला शिव्या बसतात तो माणूस. त्यामुळे शामरावांशी माझा रोजचा संबंध. सकाळी सहा वाजता ते मैदानाच्या फाटकाशी चपला काढतात, बाजारातून स्वतः विकत घेतलेली हातोडी खांद्यावर टाकतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत राहतात. मध्येच थांबतात, पाय घासतात, वाकतात आणि एक खडा उचलून खिशात टाकतात. कुठं संशय आला तर जमिनीवर हातोडी ठोकून कान लावतात. "अर्धा सूत खाली बसून रायली इथं," म्हणतात. आम्ही दोरी धरून मोजतो आणि जमीन खरंच अर्धा सूत खाली असते.

खड्यांच्या त्यांनी जाती पाडल्या आहेत. वर दिसतो तो बोलका खडा. त्याला ते मोजतच नाहीत. मातीखाली दबून बसतो आणि चेंडू आला की डोकं वर काढतो तो मुका. आणि कुणाच्या टायरला, कुणाच्या बुटाला चिकटून आला तो पाहुणा. घरी तेलाची रिकामी पिंपं आहेत, त्यात सगळे जातवार भरलेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या दगडफेकीसाठी नदीवर दगड जमवणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत. वर्षभर रोज दगड वेचणारा हा एकटाच.

एक खडा मात्र पिंपात नसतो. हरभऱ्याएवढा, काळा, एका बाजूनं धार असलेला तो खडा शर्टाच्या वरच्या खिशात फडक्यात बांधलेला असतो. पोरं म्हणतात, शामरावांचा राशीचा खडा आहे, साडेसाती आहे म्हणून ठेवला. शामराव रागावत नाहीत, उत्तरही देत नाहीत. फक्त खिशावर हात ठेवतात.

एकदा आम्ही त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. माझं वय असल्या उद्योगांचं राहिलेलं नाही, तरी मीच पुढाकार घेतला. ज्वारीच्या दाण्याएवढा एक खडा मैदानाच्या मधोमध अंगठ्यानं दाबला, वर माती सारवली आणि फाटकाशी येऊन साळसूद चेहऱ्यानं उभा राहिलो. शामराव आले, चालले, त्या जागी थांबले. वाकून खडा काढला, ओल्या बोटावर धरून पाहिला आणि तिथूनच ओरडले, "गुर्जी, हा आपल्या मैदानाचा नाई! तुमच्या शाळेच्या गेटापाशी असा खडा पडते!" त्या दिवसापासून मी त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतो.

सामना संपून टीम परगावाहून आली की सगळं गाव विचारतं, किती गोल? शामराव विचारतात, "जमीन कशी होती?" नागपूरच्या टर्फवर खेळून आलेल्या पोरांनी एकदा तिचं फार कौतुक केलं. शामराव ऐकून घेतात न घेतात तोच म्हणाले, "पानी मारलेली चटई हाय ते. त्याले जमीन म्हनाचं काय?" चेंडू उसळून गोल हुकला, असं कुणी रडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "चेंडूले काहून बोलता? जमिनीले इचारा."

आमची टीम वर्षानुवर्षं परक्यांच्याच जमिनीवर खेळत आली. कधी बैतूल, कधी इटारसी, कधी नागपूर. आमच्या मैदानाला कुणी मैदान मानतच नव्हतं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा कुठं वरच्या लोकांना आम्ही दिसलो आणि या हिवाळ्यात एक सामना आम्हाला घरी घ्यायला मिळाला. समोर नागपूरकडची टर्फवर वाढलेली टीम. अट एकच. सामन्याच्या सकाळी त्यांचे मॅनेजर येऊन मैदान पाहणार आणि पसंत पडलं नाही तर सामना नागपूरला जाणार.

गाव वेडं झालं. ज्यांना हॉकीची काठी कुठल्या बाजूनं धरतात हे माहीत नव्हतं ते चहाच्या टपरीवर पेनल्टी कॉर्नरवरून भांडू लागले. संत्र्याच्या एका बागवाल्यानं बघणाऱ्या प्रत्येकाला एक संत्रं जाहीर केलं, दुसऱ्यानं लगेच दोन केली. मंडीतले लोक रिकामे क्रेट बसायला देणार होते. सौंसरहून, बोरगावहून लोक फोन करून जागा धरायला सांगत होते, जसं काही मी सिनेमाची तिकिटं विकत होतो. शामरावांनी सकाळच्या एका फेरीच्या तीन केल्या. त्यांची झोप उडाली होती, जेवणात लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "शामराव, इतकं कशाला? होईल पसंत."

ते म्हणाले, "गुर्जी, एक खडा रायला ना, तं पुरी जमीन बेइमान."

आता माझा पराक्रम सांगतो. सामना रविवारी. शुक्रवारी माझ्या डोक्यात आलं की पाहुण्यांच्या खुर्च्या ठेवायची जागा भुसभुशीत आहे, तिथं थोडा मुरूम टाकावा. एक ट्रॉली मागवली आणि ट्रॅक्टरवाल्याला फोनवर सांगितलं, "मैदानात टाक आणि चांगला पसरव." वर्ग चालू होता, त्यापुढं बोलायला वेळ झाला नाही. तो बिचारा प्रामाणिक माणूस. मैदानात टाक म्हटलं, त्यानं मैदानात टाकला. चांगला पसरव म्हटलं, त्यानं चांगला पसरवला. दुपारी मी गेलो तर गोलपुढची अर्धगोल डी सगळी तांबडी झालेली. कोंबडीच्या अंड्याएवढ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत खडे, सगळे नीट दाबून बसवलेले.

शामराव फाटकाशी उभे होते. मला वाटलं, आता हातोडी माझ्या डोक्यात बसणार, आणि बसली असती तरी मी काही म्हटलं नसतं. ते एवढंच म्हणाले, "पाहुने आले, गुर्जी." चपला काढल्या, आत गेले, डीच्या डाव्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि एकेक खडा उचलू लागले.

"ट्रॅक्टरनंच खरवडून काढू," कुणीतरी म्हणालं.

"ट्रॅक्टरसंगं जमीनही निंगून येईन," ते मान वर न करता बोलले. "हातानंच काढा लागते."

एक माणूस आणि ट्रॉलीभर मुरूम. संध्याकाळपर्यंत आम्ही दहा-पंधरा जण बसलो होतो आणि एक खाटेएवढी जागा मोकळी झाली होती. सामना नागपूरला गेला, असं मी मनातल्या मनात धरून टाकलं.

शनिवारी सकाळी फाटकाशी एक मालवाहू टेम्पो थांबला. त्याच्यातून पंचवीसेक बाया उतरल्या. मोहगावच्या, कापूस वेचणाऱ्या. कमरेला ओट्या बांधलेल्या. सगळ्यांच्या पुढं, डाव्या पायानं किंचित लंगडत, प्रज्ञा. शामरावांची मुलगी आणि माझी एकेकाळची विद्यार्थिनी. मुरुमाची बातमी रात्रीच मोहगावला पोचली होती.

प्रज्ञाविषयी सांगायला हवं. पोरांच्यात खेळणारी ती एकटी पोरगी होती आणि पोरं तिला घाबरत. अकरावीत असताना भोपाळच्या शिबिराचं पत्र आलं. निघायच्या आदल्या सकाळी सराव चालू होता, शिट्टी माझ्याच तोंडात होती. याच डीच्या डाव्या कोपऱ्यात एक साधा चेंडू खड्यावर उसळला आणि तिच्या गुडघ्याची वाटी फुटली. शिबिर गेलं, खेळ गेला. पुढं लग्न होऊन ती मोहगावला गेली. माहेरी यायची, पण मैदानाच्या रस्त्यानं कधी आली नाही. एकोणीस वर्षं.

तिनं फाटकाशी चपला काढल्या. बाप खाली बघत होता. त्यानं आधी पाय पाहिले आणि मग मान वर केली.

"एकेकीनं एकेक पात धरा वं," ती बायांना म्हणाली. "पराटीत धरतो तशीच. पात सुटली नाई पाह्यजे. पहिले मोठे, मागून बारके."

आणि त्या बाया वाकल्या. मी आयुष्यभर खेळ शिकवला, पण हातांचा असा खेळ मी पाहिला नव्हता. दोन्ही हात चालत, नजर पुढच्या वितीवर, ओटी भरली की फाटकाशी रिकामी करायची आणि परत आपल्या पातीला. ओळ वाकडी होत नव्हती. तासाभरात गाव जमलं. मंडीचे हमाल आले, संत्र्याचे दोन्ही बागवाले शेजारी शेजारी बसले, बँकेतले साहेब पॅन्ट दुमडून आले. ओटी नव्हती त्यांनी रुमाल पसरले. फाटकाबाहेर चपलांचा असा ढीग झाला की काहींना आपली जोडी अजून मिळालेली नाही. मीही त्या ओळीत बसलो होतो. दिवस कलायच्या आत डी पुन्हा काळी झाली. मग शामराव एकटे त्यावरून चालले. आम्ही सगळे त्यांचे पाय बघत होतो. ते एकदाही थांबले नाहीत.

रविवारी पाहुण्यांचे मॅनेजर आले. त्यांनाही बूट काढायला लावले, हे सांगायला नको. कुरकुरत आत गेले, डीत दोन चकरा मारल्या आणि परत येऊन मला विचारलं, "रोलर कोणता वापरता तुम्ही?" मी शामरावांच्या पायांकडे बोट दाखवलं. त्यांना ती थट्टा वाटली, पण मैदान पसंत झालं.

सामना आम्ही तीन-दोननं हरलो. गावानं त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. संत्री वाटून झाली, ढोल वाजून झाले. शामरावांनी मात्र साठ मिनिटांत एकही खेळाडू पाहिला नसावा. त्यांची नजर डीच्या डाव्या कोपऱ्यावर होती. तिथून चेंडू कितीदा गेला, प्रत्येक वेळी त्यांचा हात खिशाकडे जायचा, आणि प्रत्येक वेळी चेंडू सुतासारखा सरळ निघून जायचा. प्रज्ञा शेजारच्या क्रेटवर बसून बापाच्या त्या हाताकडे बघत होती.

गर्दी पांगली. आम्ही तिघं फाटकाशी आलो, तिथं मुरुमाचा ढीग होता. शामराव थांबले. खिशातलं फडकं काढून उघडलं.

"बाई," ते म्हणाले, "हा तोच हाय. तुह्या गुडघ्याचा. तुही प्रॅक्टिस राहे त्या रोजी सकाळी मी डी झाडून देत होतो. त्या दिवशी नाई झाडली. मी झोपून रायलो होतो." "एकोनीस वर्षं झाले, तुले सांगाचं होऊन नाई रायलं."

मी तिथून निघायला हवं होतं. पण मी थांबलो.

"मले मालूम हाय, बाबा," प्रज्ञा म्हणाली. "दोन दिवसाची डबल ड्यूटी करून आले होते तुमी. माय उठवाले चालली होती. मीच म्हटलं, झोपू दे त्याईले, उठवू नोको."

शामराव तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना इतका वेळ मान वर करून कुणाच्या तोंडाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं.

"मैदानावर मी काहून येत नव्हती, वाट्टे तुमाले?" ती म्हणाली. "गुडघ्यापायी नाई. तुमाले असं वाकून वाकून वेचताना पाह्यलं जात नव्हतं."

तिनं हात पुढं केला. त्यांनी खडा दिला. तिनं तो ढिगावर टाकला आणि तो दोन उड्या घेऊन बाकीच्यांत मिसळला. त्या हजारो खड्यांत तो कोणता, हे मला सांगता आलं नसतं. शामरावांना नक्की आलं असतं. पण ते चपला पायांत घालण्यात गुंतले होते आणि त्यांनी त्या दिवशी तो शोधला नाही.