वाघ सोडून बाकीचं चंद्रपूर

आमच्याकडे आलेला पाहुणा आधी शेजारच्या नामदेवभाऊंचा असतो; उरला तर आमचा. बॅग खाली टेकायच्या आत भाऊ फाटकाशी हजर. डोक्याला ओला दुपट्टा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "वाघ पाह्याले आले का?"

पाहुणा हो म्हणाला की भाऊंचा चेहरा पडतो. "वाघाले काय पाह्यता? नुसता पडून राह्यते, माह्या मेव्हण्यावानी. चला, गाव दाखवतो."

बावीस वर्षं इथे राहून मला ठाऊक असलेलं चंद्रपूर म्हणजे ऑफिस, पिठाची गिरणी आणि सासऱ्यांचा दातांचा डॉक्टर. त्यामुळे मीही निमूट मागे जातो.

जटपुरा दरवाज्यावर सिंह आणि हत्ती कोरलेत. भाऊ म्हणतात, "हत्ती थकला. सिंह पाठ दाबून देऊन राह्यला. लिहून घ्या." परकोटाच्या भिंतीतली बुटकी खिडकी, म्हणजे छोटा दरवाजा, दाखवतात. "मोठ्या दरवाज्यातून गोंडराजाची पोरगी गेली तं कोनाले दिसे नाई. म्हून तिच्या मापाचा दरवाजा केला." लालपेठेत उघड्यावर दहा तोंडांची अवाढव्य दगडी मूर्ती आडवी पडली आहे. "तोंडं दहा, वाढणारी एकटी. वाट पाहून पाहून झोपली बिचारी."

माझे साताऱ्याचे साडू इतिहासाचे मास्तर. त्यांनी पुरावा मागितला.

"तुमी होते का तवा?" भाऊ म्हणाले.

"नाही."

"मंग?"

साडूंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, जणू तो गोंडराजा मीच.

पण गेल्या मे महिन्यात भाऊंनी कहर केला. त्यांच्या वैशालीला पाहायला कोरपन्याहून मंडळी आली. आधीची दोन स्थळं हुकलेली. हे जमायलाच हवं होतं. घरात आई नाही, म्हणून पोहे आमच्या हिच्याकडे. पोहे वाफेवर, वैशाली साडीत, आणि भाऊंनी मंडळींना दारातूनच वळवलं. "आधी गाव पाहून घ्या."

दुपारचे बारा. चंद्रपूरचं ऊन. मी छत्री घेऊन मंडळींच्याच गाडीत दाटीवाटीने बसलो आणि भाऊंच्या कानाशी लागलो, "अहो, मोडेल हे!" भाऊ खिडकीबाहेर बोट दाखवण्यात दंग.

लालपेठेत पोचेपर्यंत मुलाची आई लालबुंद झाली होती. "काऊन हो भाऊ, पोरगी दाखवाची नाई काय? दगडं दाखवून राह्यले!"

"पोरगीच दाखवून राह्यलो ना, बाई."

मग भाऊ एरवीपेक्षा हळू बोलले. ते नगरपालिकेत रस्त्यावरचे दिवे लावायच्या कामावर होते. वैशाली पाच वर्षांची असताना तिची आई गेली. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून रोज संध्याकाळी पोरीला सायकलच्या दांडीवर बसवून गल्लोगल्ली बटणं दाबत फिरायचे.

"हत्तीचं तिनंच सांगतलं. खिडकीचं, या झोपलेल्या दगडी बाईचं, सारं तिचंच. मी सातवी नापास माणूस, मले काय सुचते? मी ध्यानात ठेवलं फक्त." त्यांनी दुपट्ट्याने मान पुसली. "पोह्याच्या ताटामागं बसली तं तुमाले काय दिसन? खाली घातलेली मान."

माझी छत्री मी मुलाच्या आईच्या डोक्यावर धरली. तेवढंच मला सुचलं.

"तुमच्या कोरपन्यात पाह्यासारखं काय हाय, बाई?" भाऊंनी विचारलं.

"काईच नाई, भाऊ. कापूस अन् सिमेंटची धूळ."

"असू द्या. पोरगी शोधन काहीतरी. फक्त तिले संध्याकाळी हिंडवून आणत जा."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि मागे उभ्या असलेल्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "आयकलं का रे?"