तात्यांची बिनगव्हाची पंगत

दळणाच्या दिवशी आमच्या गल्लीतले बाळूतात्या गिरणी उघडायच्या आधीच दारात उभे असतात. हातात ज्वारीचा डबा आणि खिशात चक्क रंगकामाचा ब्रश. गिरणीवाल्या रशीदनं शटर वर केलं की तात्या आत शिरून त्या ब्रशनं सगळी गिरणी झाडून काढतात. मग आधी थोडे तांदूळ दळतात, राहिलेलं गव्हाचं पीठ निघून जावं म्हणून. ते पीठ त्यांच्या म्हशींना, आणि मग ज्वारी. मागं कुणी गहू घेऊन आलं, की हात आडवा.

"पावणं, गहू भाईर ठेवा. माझं झाल्याबिगर त्यो आत याचा न्हाय. विषय संपला."

"तात्या, गिरणी माझी हाय का तुमची?" रशीद एकदा वैतागलाच.

"तुझीच की. पर पयलं दळण माझं."

तात्यांचा जन्म म्हशींत गेला. अजूनही संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस उभी करून लोकांना ताज्या धारेचं दूध पाजतात. दुधावर त्यांची एवढी श्रद्धा, की ताप आला तरी डॉक्टरच्या आधी म्हशीकडे जायचे. आणि त्यांची एकुलती एक नात सई, जी बंगळुरात असते, तिला गहू चालत नाही आणि दूधही चालत नाही.

गेल्या मे महिन्यात सई आली होती. तात्यांनी तिला शेजारून ज्वारीची भाकरीच आणून दिली, तरी पोर पोटदुखीनं लोळायला लागली आणि दवाखाना गाठावा लागला. मागनं कळलं, त्या ज्वारीच्या आधी गिरणीत कुणाचे तरी गहू पडले होते. जाताना सूनबाई शांतपणे म्हणाली, "तात्या, ही मोठी होईपर्यंत आता इकडं नको."

ज्यांची हाक दोन गल्ल्या पलीकडं जाते त्या तात्यांनी हे मला अगदी कानाशी येऊन सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी परात काढली. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि तात्यांचा हात पिठाला कधी लागलेला नाही. भाकरी परातीतून उचलली की तुकडे. आमची मुलगी ते तुकडे बघून नकाशातले तालुके ओळखायची, "ही राधानगरी, हा कागल." सगळे तालुके म्हशींनी खाल्ले. शेवटी आमच्या हिनं त्यांना पिठात उकळतं पाणी घालायला शिकवलं. आता तात्यांची भाकरी तव्यावरून विस्तवावर गेली की टम्म फुगते. लेकानं फोनवर सांगितलं, की अशा बिनगव्हाच्या, बिनदुधाच्या जेवणाला ग्लुटेन-फ्री व्हेगन म्हणतात. तात्या म्हणाले, "म्हणूंदेत. फुगली म्हंजे झालं."

गिरणी झाडतानाचा व्हिडिओ ते प्रत्येक वेळी सूनबाईला पाठवत. ते बघून बघून शेवटी तिचं मन वळलं.

मधे एकदा कट्ट्यावर बघतो तर तात्या लोकांना दूध देतायत आणि स्वतः कोरा चहा पितायत. मी म्हटलं, "पचत नाही का आता?" त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पेला भरला.

दिवाळीत सूनबाई सईला घेऊन आली. आमच्याकडं पुतण्याच्या मुलाचं बारसं होतं. पंगतीच्या टोकाला सई आपला डबा उघडून बसली. सगळ्यांपुढं पुऱ्या आणि श्रीखंड, तिच्यापुढं भाकरी आणि वांग्याची भाजी. तिनं मान खाली घातली. तेवढ्यात तात्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनीही डबा उघडला. तीच भाकरी, तीच भाजी.

"तात्या, तुमचंपण पोट दुखतं?"

"व्हय की. आपलं दोघांचं एकच दुखणं."

दगड पचवणारा हा माणूस. मे महिन्यापासून त्यांनी दुधाचा थेंब आणि गव्हाचा कण तोंडात घातला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला हातातली पुरी गोड लागेना.

वाढपी श्रीखंड घेऊन आला. तात्यांनी डब्यावर हात आडवा धरला. "आमच्यात न्हाय चालत. फुडं जा."

सईनं त्यांच्याकडं बघितलं, आपल्या डब्यावर हात आडवा धरला आणि वाढप्याला म्हणाली, "विषय संपला."