सपाटीवरची जीप

आमचे निरगुडसरचे शेजारी सोपानकाका कुठल्याही गावाची पारख एकाच गोष्टीवरून करत. तिथं उतार आहे का? पुतण्याला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी मोडलं. का, तर "माणसं लई ग्वाड हायेत राव, पण दारापुढं समदं सपाट हाय. जीप लावायची कुठं?"

ही जुनी डिझेल जीप त्यांनी मंचरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. बघायला गेले तेव्हा चावी फिरवताच सुरू झाली. काकांनी तिथंच पेढे वाटले. व्यापाऱ्यानं ती आधीच तासभर तापवून ठेवली होती, हे दुसऱ्या दिवशीच्या थंडीत कळलं. त्या सकाळी अर्धी आळी जीप ढकलत होती.

तेव्हापासून काका सगळ्यांना एकच सल्ला देत. "गाडी बघायला सकाळी जायचं. आधी बॉनेटला हात लावायचा. जावई बघायचा तरी सकाळीच. तापल्यावर समदेच चांगले दिसत्यात."

जीप उतारावर सोडली तरच सुरू व्हायची. बॅटरी बदला म्हटलं, तर म्हणत, "बॅटरी कवा दगा दील सांगता येत न्हाई. उतार दगा देत न्हाई." हॅंडब्रेकही चालत नव्हता. सीटखाली शेतातला एक काळा दगड असे, तो चाकाला लावायचा. त्या दगडालाच ते हॅंडब्रेक म्हणत. उतार लागला की डिझेल वाचवायला इंजिन बंद करून जीप सोडून देत. आणि उतार नसेल तिथं नियम ठरलेला: जो बसंल, त्यो ढकलंल. कडक इस्त्रीतल्या आपल्या दाजींनाही त्यांनी भर लग्नातून ढकलायला उतरवलं होतं. मी तर ओढणी कमरेला बांधूनच त्या जीपमध्ये बसायची.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.कॉम.च्या शेवटच्या पेपरच्या दिवशी सकाळची एसटी आलीच नाही. पेपर चुकला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वडील पुन्हा फी भरतील अशी स्थिती नव्हती. मी फाट्यावर रडकुंडीला आले होते. तेवढ्यात काका जीपनं ढेकळं उडवत आले. "बस बस! रडायला वाटंत येळ हाय."

दहा मिनिटं आधी मंचरला पोचलो. कॉलेजसमोरचा रस्ता ताटासारखा सपाट. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा, मी एसटीनं येईन." त्यांनी हातानंच मला गेटाकडं पिटाळलं.

तीन तासांनी बाहेर आले, तर गेटाशी जीप धडधडत उभी. धुरानं वॉचमन खोकत होता. "आवो, सकाळपासनं बंद कराय सांगतोय यांना!"

मी सवयीनं ओढणी कमरेला बांधली आणि मागं गेले.

"तिकडं कुठं? म्होरं बस."

"काका, तीन तास चालूच ठेवली? एवढं डिझेल..."

"बंद केली असती तर तुलाच ढकलाय लागली असती. पदवीधर बाईनं जीप ढकलायची व्हय?"

"अजून निकाल लागायचाय, काका."

"त्यो लागंल," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी पुढची सीट आपल्या टोपीनं पुसली.