ग्रीटआत्या आणि दहाची कॉफी

एकतीस वर्षं मी पंप दुरुस्त करतोय, आणि माझ्या हातून आजवर एकही पंप चुकलेला नाही! हे वाक्य मी मागच्या मंगळवारी, सकाळी दहाला दहा कमी असताना, मालकीण पोस्टमाबाईंसमोर छाती फुगवून म्हणालो. ते वाक्य पुढे जेमतेम अर्धा तास जगलं.

आमचा कारखाना ग्रोनिंगन शहराच्या उत्तरेला, साखरेच्या बीटाच्या शेतांमध्ये. आम्ही त्याच बीटाच्या रसाची काकवी करतो. तळमजल्यावरच्या हौदात ती शिजते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत जाऊन बसते. थंडीत ही काकवी बाटलीतूनसुद्धा हलायला तयार नसते! तिला तीन मजले चढवते आमची ग्रीटआत्या. आत्या म्हणजे पंप. वय एकसष्ट, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि स्वभावाने माझ्याहून पुष्कळ स्थिर.

त्या दिवशी आत्याच्या जिवावर बेतलं होतं. नवीन पंप विकणारे ऊस्टिंगसाहेब आले होते. त्यांचं म्हणणं, आत्याचे दात झिजलेत, काकवी आतल्या आत मागे गळते. बाईंनी अट घातली. आत्या एका फेऱ्याला एक लिटर उचलते. फेरे मोजायचं यंत्र जो आकडा दाखवेल, तेवढेच लिटर टाकीत वाढले तर आत्या राहणार. नाहीतर भंगारात!

भंगारात! मी दोन दिवस खपून आत्या उकलली, पुसली, पुन्हा जोडली. मोटारीच्या तीन वायरीसुद्धा मीच लावल्या. ते काम खरं म्हणजे आमच्या वायरमनचं, योखमचं. पण तीन वायरींना योखम कशाला?

"च्येर्ड," योखम म्हणाला, "आधी क्षणभर चालू करून बघ. तिच्या अंगावरच्या बाणाप्रमाणे फिरतेय का ते."

"मला शिकवतोस? तू शाळेत होतास तेव्हापासून मी आत्याला ओळखतो!"

"आपण एकाच वर्गात होतो, च्येर्ड."

तरी मी बघणार होतो. अगदी शपथेवर सांगतो, वाकलोही होतो. पण तेवढ्यात घड्याळात दहा वाजले! आणि आमच्याकडे दहा वाजले की कॉफी. आग लागली तरी आधी कॉफी, मग बादली. मी बटण दाबलं, आत्या गुरगुरली, आणि आम्ही चौघंही कॉफीच्या खोलीकडे निघालो.

"लक्ष ठेवायला कुणी नको?" ऊस्टिंगसाहेबांनी दारात विचारलं.

"कॉफीच्या वेळी?" बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेब गप आत येऊन बसले.

बाईंनी बिस्किटांचा डबा उघडला. प्रत्येकी एक बिस्किट. मग झाकण बंद, खट्! आमच्या खोलीचा हा कायदा आहे, एकतीस वर्षांत दुसरं बिस्किट कुणाला मिळालेलं नाही. ते झाकण बघून माझ्या अंगात मास्तर संचारला.

"साहेब, हा डबा म्हणजेच आत्या! आत दोन दातेरी चाकं, एकमेकांत गुंतलेली. लोकांना वाटतं काकवी दोघांच्या मधून जाते. छे! दातादातांमध्ये खाचा आहेत ना, त्यांत बसून ती बाहेरून, भिंतीच्या कडेकडेने जाते. प्रत्येक खाचेला एक घास. ना कमी, ना जास्त. पलीकडे पोचली की मध्ये दात दातांत बसतात. झाकण बंद! काकवीला परत यायला वाटच नाही."

"आणि पुढची वाट कुणी बंद केली तर?" साहेबांनी मला अजमावत विचारलं.

"तरी ती थांबत नाही! ढकलतच राहते. म्हणून तर तिला सुटकेची झडप ठेवावी लागते, नाहीतर नळच फोडेल." खरंच सांगतो, एवढं साधं आणि एवढं खरं यंत्र माणसाने दुसरं केलं नसेल! दोन चाकं, एक पेटी, आणि थापेबाजीला जागाच नाही. "साहेब, आत्याने एकदा पुढे नेलेलं कध्धी मागे येत नाही!"

"मग हे काय आहे?" योखमने खाली बोट दाखवलं.

दाराच्या फटीतून काहीतरी काळं, चकचकीत, अगदी सावकाश आत येत होतं. कसलीही घाई नाही. सासरेबुवा पाहुणे आल्यासारखं!

"काकवी!" बाई ओरडून उठल्या. बाई पुढे गेल्या, बूट मागे राहिला. योखमने बूट ओढायला पाय टाकला, तर तोच रोवला गेला. मी दोघांना ओलांडून पंपाकडे धावलो. धावलो म्हणजे काय, पाऊल उचलायला प्रत्येक वेळी दोन्ही हात लावावे लागत होते! हौद काठोकाठ भरून चारी बाजूंनी वाहत होता. आणि आत्या? आत्या शांतपणे, तालात, बाणाच्या बरोब्बर उलट फिरत होती. वरच्या टाकीतली कालची काकवी एकेक घास करून खाली आणत होती.

मी बटण बंद केलं. सगळीकडे शांतता. फक्त काकवी वाहत होती, आणि तिचा आवाज होत नाही.

"दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते," मागून योखम म्हणाला. एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाई एका बुटावर उभ्या होत्या. "ऊस्टिंगसाहेब," त्या थंडपणे म्हणाल्या, "नव्या पंपाचे कागद काढा."

चूक माझी, आणि भंगारात आत्या! "बाई, तिला कशाला? मला काढा!" हे मी खरंच म्हणालो. आता आठवलं की घाम फुटतो.

पण ऊस्टिंगसाहेब कागद काढेनात. ते मोजणीच्या यंत्राकडे बघत होते. मग बूट-मोजे काढून, अनवाणी तिसऱ्या मजल्यावर गेले. खाली आले तेव्हा त्यांचा आवाज देवळातून आल्यासारखा हळू होता.

"फेरे, नऊशे बारा. वरच्या टाकीतून कमी झाले, नऊशे बारा लिटर."

"मग?" बाई म्हणाल्या.

"बाई, आज काकवी खाली येत होती. दात झिजले असते, तर ती स्वतःच्याच वजनाने फटीफटींतून जास्त घसरली असती. एक लिटरसुद्धा जास्त आली नाही! एकसष्ट वर्षांच्या पंपाने तीन मजल्यांचं ओझं दातांत धरून ठेवलं, आणि मोजून मोजून खाली दिलं." त्यांनी बॅग बंद केली. "मला इथे काही विकता येणार नाही."

आम्ही सगळे आत्याकडे बघत राहिलो. योखमने तर टोपी काढली.

"आत्या राहील," बाई म्हणाल्या. "च्येर्डसुद्धा राहील. वायरीला मात्र हात लावायचा नाही. आणि ही फरशी त्याची."

मग त्या लंगडत गेल्या आणि बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. दुसरं बिस्किट! एकतीस वर्षांत पहिल्यांदा! माझा हात आपोआप पुढे झाला. बाई माझ्या हाताला वळसा घालून पुढे गेल्या आणि ते बिस्किट त्यांनी आत्याच्या डोक्यावर ठेवलं.

"ज्याने काम केलं, त्याला," त्या म्हणाल्या. झाकण बंद, खट्!

मी चार दिवस फरशी खरवडली. चौथ्या दिवशी आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते बिस्किट हळूच उचलायला गेलो. निघेना. काकवीने चिकटलं होतं.